हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका

‘दातांच्या डॉक्टरांचा धंदा ओळखा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. साखर पेठेतल्या माझ्या मावशीने तो वाचून ब्रश बाजूला ठेवला आणि सुटलेली मिश्री पुन्हा धरली. तिला शुगर आहे. म्हणून हे लिहायलाच हवं.

मेसेज म्हणतो, रक्त येणं म्हणजे अंगातली उष्णता. ब्रशने हिरड्या सोलतात, तो बंद करा, मिश्री लावा, रक्त थांबेल.

यातली सगळ्यात घातक गोष्ट ही, की रक्त खरंच कमी होऊ शकतं. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, आणि निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, पण आत दाताभोवतीचं हाड झिजतच असतं. म्हणजे खूण पुसली जाते, रोग राहतो. शिवाय न ओढता तोंडात धरलेल्या तंबाखूनेही तोंडाचा कॅन्सर होतो. सोलापुरात किती आयाबाया रोज सकाळी मिश्री लावतात! त्यांना हे औषध म्हणून सांगायचं?

आणि उष्णता कसली? १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर त्या साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. रक्त येतं तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने घासायचं असतं, ते यासाठी.

मेसेज पुढे म्हणतो, ‘डॉक्टरकडे दात साफ केले की हलतात.’ हलल्यासारखे वाटतात, काही दिवस थंडही लागतं, हे मान्य. पण हाड आधीच झिजलेलं असतं, साचलेल्या किटणामुळे ते कळत नाही, एवढंच. ‘आनुवंशिक आहे, उपाय नाही’ हेही अर्धंच. काहींच्या घराण्यात धोका जास्त असतो, मग त्यांनी जास्त जपायचं. ‘शुगरचा संबंध नाही’ हे तर साफ खोटं. शुगर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

राहिलं ‘डॉक्टर घाबरवतात’. नाइलाजाने कबूल करते, काही घाबरवतात. ‘सगळे दात पडतील’ ऐकून माणूस घरी येतो, आणि उद्या सकाळी वेगळं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. अशाने सवय लागत नाही. दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली खुणांच्या बारीक सळईने मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ किंवा त्याहून जास्त असेल तर लक्ष घालायला हवं. आपले आकडे मागून घ्या. कुठला दात ते आरशात दाखवायला सांगा, तिथे ब्रश कसा धरायचा ते त्यांच्यासमोरच करून बघा, आणि पुढच्या खेपेला त्याच जागा पुन्हा मोजायला लावा.