पायाळू

परवा तात्यांनी उरलेल्या चार सिटिंगचे पैसे परत मागितले. कंबर बरी झाली म्हणून. आणि ती मी बरी केली नाही म्हणून.

मी नाशिकला पंचवटीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी तिथे, संध्याकाळी सिडकोत दुसरीकडे आणि मधला वेळ द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये. दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मला 'शेकवाल्या मॅडम', 'लाइट लावणारी ताई' आणि एकदा 'मालिशवाली' अशी बढती मिळत गेली आहे. साडेचार वर्षं घालवून बीपीटीएच झाले. पदवी देणारं आरोग्य विद्यापीठ इथंच, दिंडोरी रोडला म्हसरूळजवळ. तात्या रोज त्याच्या गेटवरूनच येतात. पण जाऊ दे.

तात्यांची द्राक्षबाग आहे. माल काढायच्या गडबडीत कॅरेट उचलताना उसण भरली आणि माणूस काटकोनात अडकला. मी रीतसर तपासलं. पाय सरळ उचलून बघितला, मुंग्या विचारल्या, लघवी अडते का विचारलं (इथे तात्यांनी सुनेला बाहेर पाठवलं). शीर दबल्याचं काही लक्षण नव्हतं. म्हटलं, झोपून राहू नका, चालत राहा, हे तीन व्यायाम करा.

"व्यायाम ठीकाय मॅडम, पण करंट कधी देणार?"

ही सहाव्या सिटिंगची गोष्ट. शेजारच्या कॉटवर आजी होत्या. वय सत्तरच्या पुढे, नऊवारी, उजव्या गुडघ्याची झीज. मांडीचा स्नायू बळकट व्हावा म्हणून तीन आठवडे मी त्यांना एकच गोष्ट सांगत होते: उताणं झोपायचं, गुडघा ताठ, पाय वर उचलायचा, पाच आकडे धरायचा. आजींचा पाय वीतभर उठायचा आणि "आई गं, रामा" म्हणत खाली यायचा. घरी करता का विचारलं, तर म्हणाल्या, "झोपून पाय वर केला की समोर देव्हारा येतो. देवाला पाय दावू?" कॉट फिरवा म्हटलं. तर दुसऱ्या बाजूला सासऱ्यांचा फोटो होता.

तर या आजींनी तात्यांचं कण्हणं ऐकलं आणि गरम शेकाची पिशवी गुडघ्यावरून बाजूला ठेवली.

"उसण हाये का रं?"

"हा ना आजी. बारा दिवस झाले."

"मग हितं कशाला आला? मी पायाळू हाये."

दवाखान्यात शांतता पसरली. वॅक्स बाथमध्ये हात घालून बसलेल्या बाईंनी हात बाहेर काढले. तात्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते माझी करंट देणारी आयएफटी मशीन पूर्ण चालवूनही कधी आलं नव्हतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याची लाथ कमरेला लागली की उसण जाते.

मी म्हटलं, "आजी, इथे असलं काही चालत नाही."

"तुझं मशीन चालतंय नव्हं? मग चालू दे. मी काय त्याला हात लावते का? पायच लावते."

तोवर तात्या पॅरलल बार धरून वाकलेसुद्धा. आजींनी काष्टा सावरला, दोन्ही हातांनी बार पकडला आणि तो पाय, माझा तीन आठवड्यांचा पाय, थेट तात्यांच्या कमरेपर्यंत गेला. गुडघा ताठ. एकदा नाही, तीनदा, कारण तीनदा लावावी लागते म्हणे. तोंडातून 'रामा' नाही की 'आई गं' नाही. माझा हात आपोआप खिशातल्या गोनिओमीटरकडे गेला. कोन मोजावा की रडावं, कळेना.

तात्या सरळ झाले. "मोकळं झालं!"

झालंच असणार. अशी साधी उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपणच सुटत येते. तेराव्या दिवशी लाथ मारा, नारळ फोडा, नाही तर नुसते मिसळ खायला जा. श्रेय त्या दिवशी हजर असेल त्याचं. खरं सांगायचं तर माझ्या मशीनचंही निम्मं नाव असंच झालंय आणि मी ते निमूट घेते. ज्यानं खरा फरक पडतो ते चालणं, व्यायाम, वजन उचलायची रीत हे फुकट असतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. दहा मिनिटं मान मोडून शिकवावं आणि जाताना पेशंटनं विचारावं, "म्हणजे आज काहीच नाही केलं?" त्या दिवशी घरी जाऊन भांडी जरा जोरात घासली जातात.

आजींना तात्यांनी नारळ आणि 51 रुपये दिले. मला कार्ड दिलं. "चार राहिल्यात मॅडम. बघा, रिफंड होत असेल तर." माझा एका सिटिंगचा वाटा 51 रुपयांपेक्षा कमी आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन नवे पेशंट आले. काउंटरवर विचारत होते, आजींची वेळ काय?

आजी मात्र लंगडत आल्या. गुडघा सुजला होता. "कालचं जरा जास्तच झालं गं पोरी. शेक दे चांगला."

रात्री आईला फोन केला. "मी जन्मताना कशी होते गं? पायाळू?"

"होतीसच की. म्हणून तर सिझर करावं लागलं."

मला बरंच वाटलं. सकाळी बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवता ठेवता, सहज म्हणून, आजींच्या कानावर घातलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पोट फाडून काढलेलं धरत न्हाईत," त्या म्हणाल्या. "आणि हे गार का लावलंस? शेक दे म्हटलं ना?"