वीस मिनिटं, सिट्रोनेला आणि ‘वाचन वाढवा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी शेवटपर्यंत वाचली. डासांना दूर ठेवणाऱ्या सुगंधी तेलांवरचा (त्यात सिट्रोनेला, म्हणजे एका सुगंधी गवताचं तेलही आलं) माझा लेख आपण तसा वाचलात का, याची मात्र शंका आहे. “सिट्रोनेला वीस मिनिटांत उडून जातं, नैसर्गिक-नैसर्गिक करत तुम्ही लोकांना डेंग्यूच्या तोंडी देता, लिहिण्याआधी जरा वाचन वाढवा,” असं आपण लिहिलंत. पुढे कडुनिंब, मांजरं आणि लहान मुलं यांवरही टोले आहेत.

कडुनिंबाचं मान्य. ते बिया दाबून काढलेलं स्थिर, म्हणजे सहज न उडणारं तेल आहे, ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या सुगंधी तेलांच्या यादीत ते बसत नाही. लेखातल्या यादीतून काढलं आहे.

पण ‘वाचन वाढवा’ हे कुणाला सांगता? बाजारातलं एक रिपेलंट (डास दूर ठेवणारं औषध) लावून माझ्या हातांवर फोड उठले होते आणि ते बनवणाऱ्या कंपनीने पत्राला साधी पोचही दिली नाही. तेव्हापासून मी हा विषय सोडलेला नाही. आजही संध्याकाळी झाडांना पाणी घालायला जाताना सिट्रोनेला आणि गवती चहाचं तेल पातळ करून लावते. डास भोवती घोंघावतात, पण बसत नाहीत. वास उतरला की बसू लागतात, मग मी पुन्हा लावते. हे मी स्वतःच्या कातडीवर पाहिलं आहे, आणि त्याला भ्रम म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आता ती वीस मिनिटं. तो आकडा २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीतला आहे. डास सोडलेल्या पिंजऱ्यात हात घालून पहिला चावा कधी बसतो ते मोजलं होतं. २३.८ टक्के डीट (कृत्रिम रासायनिक रिपेलंट) सुमारे पाच तास टिकलं, सिट्रोनेलाची उत्पादनं वीस मिनिटांच्या आत हरली. हे मी नाकारलेलं नाही. पण त्याच चाचणीत सोयाबीन तेलाचं रिपेलंट सरासरी ९४.६ मिनिटं टिकलं, ते आपण का गाळलंत? सिट्रोनेलाच्या तेलातल्या सिट्रोनेलाल, जिरॅनिऑल या घटकांचे रेणू हलके असतात, त्यांची वाफ होते आणि तीच वाफ डासाला परतवते. जे गुण देतं तेच लवकर संपतं. म्हणूनच व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचा पदार्थ) मिसळून ही तेलं जास्त वेळ टिकवतात, आणि म्हणूनच “पुन्हा पुन्हा लावा” हे मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

लिंबू-निलगिरीबद्दल (लिंबाच्या वासाच्या निलगिरीबद्दल) तर आपण चकार शब्द काढला नाहीत. तिच्या तेलावर प्रक्रिया करून पीएमडी हा डास परतवणारा घटक वाढवलेलं रिपेलंट अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००५ पासून डीटच्या जोडीने शिफारशीत ठेवलं आहे. साध्या सुगंधी तेलात पीएमडी अगदी थोडं असतं, हा फरकही लेखात आहे. डेंग्यूची साथ असेल तिथे डीट किंवा पीएमडीच वापरा, असंही त्यात आहे. मग लोकांना डेंग्यूच्या तोंडी कोण देतंय?

मांजरांचं म्हणाल तर त्यांच्या अंगाला तेल लावा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. आणि तीन वर्षांखालच्या मुलांना लिंबू-निलगिरीचं रिपेलंट लावू नये, हे लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात आहे. तेवढा तरी वाचून मग लिहा.