ब्रेकवर जळणारं पेट्रोल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मायलेजवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत तिचं उत्तर होणार नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीचं अ‍ॅव्हरेज कंपनीत इंजिन बनलं तेव्हाच ठरलं, चालवणाऱ्याच्या सवयींनी वाचतात ते फक्त थेंब. ‘हळू चालवा’ म्हणणारे लोक मागच्यांचा रस्ता अडवतात. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायचा खरा उपाय मी सांगितलाच नाही. आणि देखभालीचा सल्ला म्हणजे गॅरेजवाल्यांची धन, कारण एअर फिल्टर आणि प्लग बदलूनही तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज जिथल्या तिथे राहिलं.

थेंबांपासून सुरुवात करते, कारण आपला खरा मतभेद तिथेच आहे.

माणसांसकट १२०० किलो वजनाची कार ताशी ६० किलोमीटरने चालली आहे असं धरा. तिच्या गतीत साधारण १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असते, पण त्यातला फार तर पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची रेडिएटर, सायलेन्सर आणि इंजिनातल्या घर्षणात उष्णता होऊन जाते. हा हिशेब मांडला, तर गाडीला त्या वेगापर्यंत न्यायला नुसत्या वेगापोटी सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल जळतं. आता पुढचा सिग्नल लाल आहे हे लांबून दिसत असूनही शेवटपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला आणि मग कचकन ब्रेक मारला, तर ते २० मिलिलिटर ब्रेकची डिस्क तापवण्यात गेले. असे पन्नास ब्रेक म्हणजे एक लिटर. गर्दीच्या शहरात पन्नास ब्रेक व्हायला किती वेळ लागतो, हे तुम्ही रोज अनुभवत असालच.

पाय लवकर उचलला तर हीच ऊर्जा गाडीला सिग्नलपर्यंत घेऊन जाते. तेवढा रस्ता फुकटात कापला जातो, आणि पुष्कळदा पोहोचेपर्यंत सिग्नल हिरवा झाल्याने गाडी पूर्ण थांबवावीच लागत नाही. म्हणून माझ्या मते गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा कस अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा ब्रेकवर लागतो. प्रत्येक ब्रेक म्हणजे आधीच जळून गेलेलं पेट्रोल. काही ब्रेक टाळता येत नाहीत. मूल आडवं आलं, समोरची गाडी अचानक थांबली, तर ब्रेक लावायलाच हवा आणि तो पूर्ण ताकदीने लावायला हवा. पण आपल्या बहुतेक ब्रेकचं कारण एवढंच असतं की आपण समोरच्या गाडीच्या डिकीपलीकडे पाहत नाही.

कंपन्यांनाही हे चांगलं ठाऊक आहे. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस विकायला काढली, तेव्हापासून हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत विजेची मोटरही असलेल्या, गाड्यांनी शहरात जे अ‍ॅव्हरेज दिलं त्यामागे ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत घेणं हे एक मोठं कारण आहे. त्यासाठी मोटर, जनरेटर, बॅटरी असा सगळा सरंजाम गाडीत बसवावा लागतो आणि तरीही परत मिळते ती त्या ऊर्जेचा काही भागच. नुकसान थेंबांचं असतं, तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

आता रस्ता अडवण्याबद्दल. ‘हळू चालवा’ असं मी लिहिलेलं नाही, ‘एकसारखी चालवा’ असं लिहिलं आहे, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे. पेट्रोल इंजिन अगदी कमी भारावर चालतं तेव्हा अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतून) हवा ओढण्यातच त्याची बरीच शक्ती खर्च होते. त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये लांबपर्यंत रेंगाळत जाण्यापेक्षा जरा ठाम पायाने वेग घेऊन लवकर वरचा गिअर टाकणं जास्त फायद्याचं. साध्या पेट्रोल कारला २००० ते २५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) दरम्यान गिअर बदलला तर पुरतो. वरच्या गिअरमध्ये गाडी धडधडायला लागली किंवा इंजिन खडखडलं, तर निमूटपणे खालचा गिअर टाकावा. तिथे बचत नाही आणि इंजिनाचे हाल होतात. अशी चालवलेली गाडी कोणाच्याही आडवी येत नाही. मागच्याला त्रास होतो तो उगाच वेग घेऊन उगाच ब्रेक मारणाऱ्याचा.

मोठ्या रस्त्यावर मात्र वेगाचा प्रश्न खरा आहे, तिथे मी माघार घेणार नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. टायरचा विरोध जवळपास तेवढाच राहतो, म्हणून एकूण जोर तितका वाढत नाही, तरी लहान कारला सुमारे एक तृतीयांश जास्त जोर लावावा लागतो. आणि वाचतं काय? ३० किलोमीटरच्या रस्त्यात साडेचार मिनिटं. ती मिनिटं तुम्हाला मोलाची वाटत असतील, तर तो निर्णय तुमचा आणि त्यावर माझा आक्षेप नाही. पण त्याला खर्चच नाही, असं म्हणू नका. टपावरचं रिकामं कॅरिअर तरी उतरवून ठेवा. या वेगाला ते सामानाशिवायही पेट्रोल खातं.

न्यूट्रलचा मुद्दा तुम्ही ठासून मांडलात. मी तो टाळला होता तो जाणूनबुजून. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं आणि गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो. आरपीएम खाली उतरून आयडलिंगजवळ (उभ्या गाडीत इंजिन फिरतं त्या गतीजवळ) येईपर्यंत पेट्रोल शून्य. न्यूट्रलला टाकलंत तर इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ही सोय नव्हती, न्यूट्रलचा सल्ला त्या काळातला आहे. अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते आणि क्वचित तिथे थोडं वाचतंही, हे मान्य. पण घाटात? तिथे गिअर काढलात की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत. चावी फिरवून इंजिनच बंद करण्याचा सल्लाही लोक देतात. इंजिन बंद झालं की ब्रेक दाबायला इंजिनाच्या व्हॅक्यूममुळे मिळणारी मदत दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच टिकते आणि स्टीअरिंग जड होतं. हे कोणीही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पेट्रोल पुन्हा भरता येतं.

सिग्नलला उभे असताना इंजिन बंद करणं ही वेगळी गोष्ट. लहान कारचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तासाला अर्धा ते एक लिटर पितं. दोन मिनिटांचा सिग्नल म्हणजे वरच्या हिशेबातला एक पूर्ण ब्रेक. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल, तर बंद करून पुन्हा चालू करण्यात कमी पेट्रोल जातं.

राहिली देखभाल. एअर फिल्टरबद्दल तुमचा अनुभव अगदी बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांवर हेच तपासलं होतं. फिल्टर तुंबल्याने पिकअप कमी झाला, पण अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कारण आत येणाऱ्या हवेच्या मापानेच कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. फिल्टर बदलायचा तो इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून. पण त्यावरून सगळी देखभालच फोल, हा निष्कर्ष चुकीचा आहे. देखभाल म्हणजे रांजणाचं भोक बुजवणं. भोकच नसेल तर बुजवून पाणी वाढणार नाही. तुमचे प्लग आधीचेही ठीक असतील, तर नवे बसवून काय बदलणार?

मग भोकं शोधायची कुठे? टायरची हवा सगळ्यात आधी, आणि ती गाडी थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो पाळू नका. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा उतरते, त्यामुळे पंक्चर नसलं तरी तपासत राहावं लागतं. दुसरं, ब्रेक धरून राहणं. फारसा ब्रेक न लावता काही अंतर चालवा, उतरून चारही चाकांजवळ हात न्या, रिमला स्पर्श करू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम वाटलं, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये आणि गाडी पूर्ण वेळ त्याच्याशी झुंजते आहे. तिसरं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. तो उघडा अडकला तर तापमानाचा काटा नेहमीच्या जागी पोहोचतच नाही. इंजिन थंडच आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर तो आधी बघा. इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर खराब असेल, तर त्याने होणारं नुकसान बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठं असू शकतं. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, ‘जाड घाला, इंजिन टिकेल’ हे ऐकू नका.

शेवटी तुमच्या मोजणीबद्दल. तुम्ही डॅशबोर्डवरचा आकडा एका टाकीपुरता पाहिलात, असं लिहिलं आहे. एका टाकीत गर्दी, पाऊस, एसी, सोबतची माणसं यांनीच आकडा पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतो. टाकी पहिल्या क्लिकपर्यंत फुल्ल करा, ट्रिपमीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच फुल्ल करा आणि धावलेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागा. आधी तीन-चार टाक्या नेहमीसारख्याच चालवा. मग तेवढ्याच टाक्या एकच गोष्ट बदलून: पुढे ब्रेक लागणार हे दिसताक्षणी पाय उचलायचा. बाकी काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. दोन्ही सरासरी इथे लिहा. फरक पडला नाही तरी लिहा, आणि गाडीचं वय व रोजचा रस्ता कसा आहे तेही कळवा, म्हणजे कारण शोधता येईल.