थापी कुणी धरली, याबद्दल

‘स्पष्टवक्ता’ यांस,

जुन्या वाड्यांना सिमेंट लावू नका, चुनाच लावा, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. बीबी का मकबरा मी ‘संपूर्ण संगमरवरी’ म्हटलं, ती चूक तुम्ही पकडलीत. बरोबर आहे. संगमरवर तळाशी आणि वर घुमटाला, मधे काळा दगड आणि त्यावर घोटीव गिलावा. दुरुस्ती केली, आभार.

आता तुमचं ते वाक्य. ‘हातात कधी थापी न धरलेल्यांनी चुन्यावर प्रवचनं देऊ नयेत.’ साहेब, ही काय बोलायची रीत झाली? मुद्दा खोडा ना, माणूस कशाला खोडता?

आणि विचारलंतच म्हणून सांगतो. पैठणला आमचा आजोबांचा वाडा आहे. खाली काळा दगड, वर वीट. 1998 साली खालच्या चार फुटांना ओल येते म्हणून वडिलांनी सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळे भिंत गुळगुळीत. तिसऱ्या वर्षी ओल सिमेंटच्या वर, माझ्या खांद्यापर्यंत चढली. भिंतीच्या पायातून चढणारं पाणी पूर्वी चुन्यातून हळूहळू सुकून जायचं, त्याची वाटच बुजवली होती. पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटला. देव्हाऱ्यामागे बोट लावून चाटलं तर खारट. मग एका रात्री थाळीएवढा पोपडा पडला. त्याच्या पाठीला विटांचे टवके चिकटलेले होते. सिमेंट सुटलं नाही, वीट सोलून घेऊन आलं.

ते सगळं काढून चुना लावायला एक म्हातारे गवंडी आले, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कळी, म्हणजे भाजलेला चुनखडा, पाण्यात विझवून हौदात मुरत ठेवली, दिवाळीपासून पार संक्रांतीपर्यंत. चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) मळून झाली की चाचा थापी भरून उलटी धरायचे. माल पडला, की पुन्हा मळा. माझ्याकडे चाळणं आणि पाणी मारणं होतं. थापी म्हणाल तर न्हाणीमागची अर्धी भिंत मी लिंपली, तीही चाचांनी नंतर खरवडली. पण बोटांना चुना लागून पडलेल्या भेगांवर आईने महिनाभर खोबरेल चोळलंय. तुमच्या बोटांचं काय ते तुम्हीच सांगा.

बाकीचं थोडक्यात. चुन्यात घालायच्या गूळ-बेलफळाला ‘थोतांड’ म्हणता, पण साखरेच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो, हे प्रयोगशाळेतही दिसतं. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत; तेही थोतांडच का?

किल्लारीच्या भूकंपाचं नाव मात्र इतक्या हलक्या हाताने घ्यायला नको होतं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे कोसळली ती मातीत रचलेल्या गोट्यांची जाड भिंताडं. दोन्ही तोंडं बांधून धरणारे लांब दगड नाहीत आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छपराचं, ओझं. त्यात चुन्याचा काय दोष? आमच्या मामाचं घर त्या पट्ट्यातलं, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

खर्चाचं आणि गवंडी मिळत नाहीत त्याचं नंतर कधीतरी. तो विषय मोठा आहे.

‘प्रवचन’ हा शब्द काढलात तर तुमची प्रतिक्रिया सगळ्यात वर ठेवतो. नाही काढलात तरी राहू द्या, मी खोडणार नाही.