मेगनची आई, माझी आई

सकाळी फॅमिली ग्रुपवर कोणीतरी मेगन दी स्टॅलियन या अमेरिकन रॅपर बाईची डान्सची क्लिप टाकली आणि खाली आत्यांनी लिहिलं, "आईने वळण लावलं नसेल, दुसरं काय." त्यावर सात जणांचे हसणारे इमोजी. डोक्यातच गेलं माझ्या. गाण्याला बोला, कपड्यांना बोला, आईवर कशाला जाता?

तिची आई हॉली थॉमस, टेक्सासमधल्या ह्यूस्टनची, स्वतः रॅपर. हॉली-वुड नावाने गायची आणि लेकीला पाळणाघरात न ठेवता सोबत स्टुडिओत न्यायची. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, कारण माझी आई सोलापुरात ऑर्केस्ट्रात गायची, गणपती, नवरात्र, हळदी, मिळेल तो प्रोग्राम, आणि मी स्टेजमागे ढोलकीच्या खोळीवर डोकं ठेवून झोपायचे. तेव्हा कोण काय बोललं ते इथे लिहीत नाही, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

आणि वळण म्हणे! मेगन अठरा वर्षांची असताना आईला म्हणाली मला रॅप करायचाय, तर आईने सांगितलं एकविसाव्या वर्षापर्यंत थांब, तुझे शब्द फार मोठ्या बाईचे आहेत. पोरगी थांबली. मग २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या पोरांच्या घोळक्यात उभी राहून तिने जो रॅप केला तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि पुढे आईच तिची मॅनेजर झाली. न्यूयॉर्कवाले अमेरिकेच्या साउथच्या रॅपला कायम गावठी समजत आले, आमच्या सोलापुरी बोलण्याला पुण्यात हसतात ना तसंच, पण ही टेक्सासच्याच पिंप सी या रॅपरची फॅन, तिने आपला टेक्सासचा हेल सोडला नाही.

हो, तिची काही गाणी मी पण मुलासमोर लावत नाही. मान्य. पुढे?

मार्च २०१९ मध्ये मेगनची आई गेली, ब्रेन ट्यूमर. त्याच महिन्यात आजीही गेली. नाव नुकतं होत होतं, शो मागून शो, तरी कॉलेज सोडलं नाही. २०२० मध्ये पायात गोळी घातली तिच्या, आणि लोकांनी खोटारडी ठरवलं तिलाच! गोळी लागलेल्या बाईला! कोर्टाने २०२२ मध्ये गोळी घालणाऱ्या टोरी लेनेझ या रॅपरला दोषी ठरवलं तेव्हा त्यातल्या किती जणांनी माफी मागितली? मधे २०२१ मध्ये तीन ग्रॅमी मिळाले, त्यातला एक बेस्ट न्यू आर्टिस्टचा, आणि त्याच डिसेंबरमध्ये टेक्सस सदर्न युनिव्हर्सिटीतून हेल्थ अॅडमिनिस्ट्रेशनची डिग्री घेतली. कोणाला दाखवायला गरजच नव्हती तिला. आई आणि आजीला हवी होती म्हणून घेतली.

माझी आई मी टीवायला असताना गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझा कॉस्टिंगचा पेपर होता, मी दिला, कसा दिला आठवत नाही.

राग गेला आता लिहिता लिहिता. आत्या, तुम्ही वाचाल हे, वाचा. आईची गाण्यांची वही अजून माझ्याकडे आहे, प्रत्येक गाण्यापुढे तिने पट्टी लिहिलीये, काळी एक, पांढरी चार. शेवटच्या पानावर गाणी नाहीत, माझ्या परीक्षेचं टाइमटेबल आहे, तिच्या अक्षरात.