माउंटन बाइकच्या टायरमध्ये हवा किती? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देणं मला पटेना. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी साताऱ्याच्या पायवाटांसाठी पुढच्या चाकात २६ आणि मागच्या चाकात २८ पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आसपास सुरुवात करा असं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की हा आकडा धोक्याचा आहे. तुमच्या टायरवर कमाल ६५ छापलंय, तुम्ही स्वतःच्या आणि मुलाच्या सायकलीत ५० भरता, कमी हवेमुळे वडूज-दहिवडी भागात पंक्चर होतात, आणि यवतेश्वरचा घाट चढताना सायकल जड जाते. परदेशी आकडे आपल्या मातीत चालत नाहीत, हेही तुम्ही लिहिलंय.

आधी ६५ बद्दल. तो आकडा ‘यापुढे जाऊ नका’ एवढंच सांगतो. कंपनीला तुमचं वजन माहीत नसतं, तुम्ही डांबरावर चालवता की कातळावर हेही माहीत नसतं. काही टायरांवर किमान आकडाही छापलेला असतो. तो असेल तर त्याच्या खाली अजिबात जाऊ नका, मी लिहिलेलं असलं तरी. पण किमान आणि कमाल यांच्यामध्ये नेमकं कुठे थांबायचं, हे टायर सांगत नाही. ते वजन, टायरची रुंदी, ट्यूब आहे की ट्यूबलेस, आणि खालची जमीन यांवर ठरतं.

तुम्ही तुमचं वजन ७५ किलो लिहिलंय. सायकल १४ किलोची धरू, म्हणजे एकूण ८९. बसून चालवताना यातलं साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकावर येतं, म्हणजे ५३ किलो. ५० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो, तर २८ पीएसआय म्हणजे जवळपास दोन किलो. ५३ ला भागून बघा. ५० ला तुमच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण १५ चौरस सेंटिमीटर, २८ ला जवळपास २७. हिशोब ढोबळ आहे, टायरच्या कडेचा ताठपणा त्यात धरलेला नाही. तरी फरक केवढा आहे ते दिसतं. पावसाळ्यात साताऱ्याजवळ पेढ्याच्या भैरोबाच्या बाजूला किंवा यवतेश्वरच्या वरच्या सड्यावर जांभ्या दगडावर शेवाळ धरतं. तिथे चाक घसरणार की धरून राहणार, हे बऱ्याच अंशी या फरकावर असतं.

पुढच्या चाकावर वजन कमी, म्हणून तिथे दोन-तीन पीएसआय कमी. पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे पकड तिथे जास्त हवी. दोन्ही चाकांत सारखी हवा भरायची सवय आधी सोडा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता पंक्चर. इथे तुमचा अनुभव खरा आहे, पण कारण दुसरं आहे असं मला वाटतं. पंक्चर झालेली ट्यूब फेकू नका, बघा. एकमेकींच्या शेजारी दोन समांतर चिरा असतील तर दगडावर आपटून टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूब मध्ये चिमटली. हे हवा कमी असल्याचं लक्षण. बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल तर तो काटा. वडूज-दहिवडीकडे, म्हणजे माण-खटावात, बाभळी किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. वाळलेला बाभळीचा काटा २८ लाही आत जातो आणि ५० लाही. त्यावर उपाय जाड टायर किंवा सिलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारं द्रव. हवा भरायच्या व्हॉल्व्हची आतली पिन निघत असेल तर सिलंट साध्या ट्यूबमध्येही घालता येतं. मात्र आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालावी लागते.

घाटाबद्दल तुम्ही बरोबर आहात, अर्ध्यापर्यंत. गुळगुळीत डांबरावर जास्त हवेचं टायर कमी दबतं आणि हलकं पळतं. पण चढावर तुमची बहुतेक ताकद ८९ किलो वर उचलण्यात जाते, हवेचा वाटा त्यात थोडाच. डांबर संपलं की गणित उलटतं. खडबडीत वाटेवर कडक टायर प्रत्येक दगडावरून उडतं, ते धक्के तुमचे हात, कंबर आणि मांड्या सोसतात, आणि पुढे जायची ताकद वर-खाली होण्यात वाया जाते. मऊ टायर दगडावर बसतं आणि पुढे सरकतं. म्हणून साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासून घाट चढताना ३५ ठेवा, पायवाट सुरू झाली की थांबून थोडी हवा सोडा. (कासला गेलात तर सायकल रस्त्यावरच ठेवा. पठारावरची माती इतकी पातळ आहे की चाकाची एक रेघही फुलांच्या मुळावर उठते. पंक्चरपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.)

परदेशी आकड्यांची शंका रास्त आहे, आणि म्हणूनच माझा आकडाही तुम्ही जसाच्या तसा घेऊ नये. तो सव्वादोन इंची टायरसाठी, ७० किलोच्या आसपासच्या माणसासाठी होता. तुमचं टायर १.९५ इंची आहे आणि आत ट्यूब आहे. त्यामुळे तुम्ही मागे ३५, पुढे ३२ पासून सुरुवात करा. ओळखीचा, दगडधोंड्यांचा तीन-चारशे मीटरचा एकच तुकडा निवडा आणि दर फेरीला दोन-दोन पीएसआय सोडत जा. पकड वाढत गेलेली हाताला कळते. ज्या क्षणी रिम दगडाला ‘ठक्’ लागल्याचं ऐकू येईल, किंवा वळणावर टायर बाजूला कलंडल्यासारखं वाटेल, तिथे तीन पीएसआय वाढवा. तो तुमचा आकडा. त्याच्या खाली गेलात तर रिमला पोचा येईल, चाक आऊट होईल, म्हणजे वाकडं फिरेल, आणि तेव्हा तुमची टीका शंभर टक्के लागू पडेल.

हे सगळं मोजता आलं तरच. अंगठ्याने दाबून ३० आणि ४० मधला फरक कळत नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलींच्या हिशोबाने चालतो, सायकलीच्या एवढ्याशा ट्यूबमध्ये क्षणात किती हवा जाते ते त्यालाही सांगता येत नाही. घरच्या उभ्या पंपावरचं गेज १६० पर्यंतचं असेल तर खालच्या आकड्यांत ते दोन-चार पीएसआयने सहज चुकतं. ६० पर्यंतचं वेगळं गेज घ्या, आणि दर वेळी तेच वापरा. हवा सावलीत, चाक थंड असताना मोजा. तापमान दहा अंशांनी वाढलं की या पट्ट्यात दीडेक पीएसआय आपोआप वाढतात.

राहिला तुमचा मुलगा. तो ४५ किलोचा आहे आणि त्याच्याही चाकांत ५०, हे वाचून मी थांबलो. तुमच्यासारख्याच टायरमध्ये तुमच्याइतकीच हवा, पण वजन तीस किलोने कमी. त्याचं टायर जवळपास दबतच नसणार, उतारावर ब्रेक लावला की मागचं चाक घसरत असणार, आणि हात भरून येत असतील तर तेही यामुळेच. स्वतःच्या सायकलीवर प्रयोग नंतर करा, त्याच्या सायकलीपासून सुरुवात करा: मागे २८, पुढे २६. टायरवर किमान ३० छापलं असेल तर दोन्हीकडे ३०. पहिला उतार हळू घ्यायला सांगा आणि ब्रेक कसा लागतो ते त्यालाच विचारा.