ओसाड म्हणजे रिकामं नव्हे

गोव्यात सड्याचा, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘तिथं नुसता कातळ आहे, काय बिघडणार?’ स्पेनमधलं काबो दे गाता बघितल्यावर हे वाक्य पटत नाही. आल्मेरिया शहराच्या पूर्वेला ज्वालामुखीतून घडलेले उघडेबोडके डोंगर, वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, आणि हिरवं म्हणून कमरेएवढा खुजा ताड. तरी १९८७ साली या भागाला नैसर्गिक उद्यान केलं, १९९७ साली युनेस्कोनं जीवावरण क्षेत्र म्हणून मान्यता दिली. किनाऱ्यालगतचा समुद्रही त्यातच घेतला. तळाशी पोसिडोनिया या सागरी वनस्पतीची कुरणं आहेत. त्यांमुळे लाटांचा जोर मोडतो. तिची सुकलेली पानं काठावर येऊन पडतात ती कचरा वाटतात, पण हिवाळी वादळात वाळू तीच धरून ठेवतात.

जायचं तर मार्च ते मे किंवा ऑक्टोबरात. ऑगस्टात सावली शोधूनही सापडत नाही. सान होसे गावापासून मोन्सुल किनारा ४-५ किलोमीटर, रस्ता कच्चा. उन्हाळ्यात पुढचा वाहनतळ भरला की गाड्यांसाठी रस्त्यावर अडसर पडतो. मग बस किंवा पायपीट. माणशी किमान २ लिटर पाणी गावातूनच घ्या, वाटेत दुकान नाही. चपला नकोत, बूट हवेत. वारा बघून किनारा निवडा: पूर्वेचा लेव्हांते सुटला की लास नेग्रास गावाकडचं पाणी खवळतं.

गाड्या अडवणारा हा अडसर गोव्यात मोरजी किंवा आश्वेच्या किनाऱ्याला जशाच्या तसा बसणार नाही. आपल्याकडे किनाऱ्यावरच वाडे, म्हणजे वस्त्या, आहेत, लोक तिथंच राहतात. पण वाळूच्या टेकड्यांवर गाड्या चढू न देणं, वाळूवर पसरणारी मर्यादवेल उपटू न देणं आणि मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवांच्या विणीच्या काळात रात्रीचे दिवे विझवणं, यासाठी कुणाला घर सोडावं लागत नाही. ‘पर्यटन बुडेल’ ही भीतीही मला पटत नाही. मोन्सुलला लोक बसची वाट बघत उभे राहतात, पण येतात.

स्पेनलाही सगळं जमलेलं नाही. उद्यानाच्या हद्दीत, कार्बोनेरासजवळ ४११ खोल्यांचं एल अल्गार्रोबिको हॉटेल उभं राहिलं. २००६ साली न्यायालयानं काम थांबवलं. ती जमीन बांधकामाची नव्हेच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली ठरवलं. तरी पांढरा सांगाडा पुढं वर्षानुवर्षं तसाच राहिला. म्हणून सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला मर्यादा घालणाऱ्या नियमांची, भांडणं पाया खणायच्या आधीच, ग्रामसभेत व्हायला हवीत. मजले चढल्यावर निकाल आपल्या बाजूनं लागला, तरी किनारा परत मिळत नाही.